रोड सायकलचे रिम ब्रेक नीट लागत नाहीत, कॅलिपर बदलू का?

पेडलवेडा:
मंडळी, ड्युअल पिव्हट कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा, दोन खिळ्यांवर फिरणारा) आहेत आणि रिम अल्युमिनियमची. सपाटीला ठीक चालतं पण उतारावर लिव्हर करकचून दाबला तरी सायकल पुढे जातच राहते, पावसात तर भीतीच वाटते. पुढचा ब्रेक ओरडतो पण खूप. डिस्कवाली सायकल आत्ता घेता येणार नाही. कॅलिपर बदलून फरक पडेल का?

उतारवाट:
कॅलिपरला हात लावू नकोस, आधी पॅड काढून उजेडात बघ. चमकणारे बारीक कण रुतलेले दिसले तर ते तुझ्या रिमचंच अल्युमिनियम आहे, टाचणीने एकेक उकरून काढ नाहीतर ते रिम खात राहतात. पॅडवर गुळगुळीत चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरने घास. मग रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. चेनला स्प्रे मारताना रिमवर तेल उडतं ते कुणाच्या लक्षातच येत नाही. पॅड कडक झाले असतील तर सरळ नवे घे, कूल स्टॉप कंपनीचे सॅमन (फिक्या नारिंगी-गुलाबी) रंगाचे पावसात फार चांगले धरतात. (कार्बन रिमवाल्यांनी मात्र कार्बनचेच पॅड लावा.)

स्पोक३२:
वरचं सगळं बरोबर, पण केबल विसरू नका. पॅड रिमला टेकल्यावरही लिव्हर स्पंजासारखा आत येत असेल तर तुमचा जोर आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) दाबण्यातच जातोय. इनर (आतली तार) आणि आउटर दोन्ही बदला, आउटरचं टोक कापल्यावर कानशीने सपाट करा, ते तिरकं राहिलं तर नवी केबलही ढिलीच लागते. ओरडण्यासाठी, पॅड आवळताना त्याच्या मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी ठेवा म्हणजे सायकलच्या पुढच्या बाजूचं टोक आधी टेकेल. टायरला मात्र पॅड अजिबात लागता कामा नये.

घाटवळण:
उतारावर हात खाली ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) ठेव, तिथून लिव्हरला जोर जास्त मिळतो. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं म्हणून खरं काम पुढचा ब्रेक करतो, तेव्हा बूड मागे सरकव आणि दाब वाढवत ने, झटका नको. पावसात वळणाच्या बऱ्याच आधीपासून पॅड हलकेच टेकवत राहा, पाणी पुसल्याशिवाय पकड येतच नाही.

पेडलवेडा:
पुढच्या पॅडमधून खरंच कण निघाले! रिमला बोट लावलं तर मधे खोलगट लागतंय, चालेल का?

स्पोक३२:
रिमवर झिजेची खूण असते, बारीक खड्डा किंवा रेघ. ती दिसेनाशी झाली असेल तर रिम बदला, तोवर उतारावर नेऊ नका, कड फाटली तर टायर सुटतो.