‘भोगा आता’ म्हणणाऱ्या गाववाल्यास

वावरातला
काल इथं एका पुणेकर गाववाल्यानं लिहिलं : “‘बटेंगे तो कटेंगे’ ऐकून मत देताना विदर्भातल्या कास्तकाराला सोयाबीन आठवलं नाही. आता भाव पडला तर भोगा.” तेव्हापासून डोक्यात तेच सुरू आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

२० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानादिवशी, माझ्या समोरच्या खोलीत ३२ कट्टे सोयाबीन पडून होतं. हमीभाव ४,८९२, बाजारात ४,१०० मिळायची मारामार. खरेदी केंद्रावर नेलं तर आधी मॉइश्चर जास्त म्हणून परत. वाळवून नेलं तर बारदाना संपला. पोराची फी त्याच कट्ट्यांत अडकलेली. मतदानाला निघालो तेव्हा चप्पल कट्ट्यांमागं सरकली होती, ती काठीनं ओढून काढली. अन् मला सोयाबीन आठवलं नाही?

भाऊ, भावासाठी मत द्यायचं कोणाला, ते सांग. महायुती ६ हजार म्हणे, काँग्रेस ७ हजार. दोघांच्याही राज्यात माल विकलाय मी. विधानसभेच्या सहा महिन्यांआधी लोकसभेला याच लोकांनी विदर्भातल्या १० पैकी ७ जागा आघाडीला दिल्या, तेव्हा आम्ही शहाणे होतो काय?

पुसदचा, मुक्काम पुणे
तो पुणेकर मीच. बाप अजून वावरातच आहे, तेव्हा मला परका करू नका.

मतदानाआधी पंधरा दिवस आमच्या गावात एका पोराच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून राडा झाला. त्यानंतर पारावर दुसरा विषय नाही. उमेदवार आला, बाबांनी चुकाऱ्याचं, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशाचं विचारलं, तर शेजारच्यानंच हाताला धरून खाली बसवलं, “काका, आता विषय मोठा आहे.” या शेजाऱ्याचा कापूस बाबांच्या दुप्पट.

आता हिशोब बघा. कच्च्या खाद्यतेलावर सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के आयात शुल्क लावलं. मे २०२५ मध्ये ते १० वर आणलं. ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्केही वर्षअखेरपर्यंत काढलं. मतं पडली, शुल्क उतरलं. पारावर यातलं एक तरी कोणी बोललं? असले सामाजिक मुद्दे म्हणजे लक्ष भरकटवणं.

अडतवाला
अर्धीच गोष्ट सांगू नका. सोयाबीनमध्ये तेल १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी ढेप, म्हणजे पेंड. ढेपेला परदेशात पुरेसं गिऱ्हाईक नव्हतं आणि इथला कोंबडीवाला स्वस्त डीडीजीएसकडं, म्हणजे इथेनॉल काढून उरलेल्या धान्याच्या चोथ्याकडं वळला. २० टक्के शुल्क होतं तेव्हाही आमच्या यार्डात हर्रास ४,३०० च्या वर गेला नाही. चिठ्ठ्या आहेत माझ्याकडं.

वावरातला
चिठ्ठ्या दाखवा, त्यावर वजनात कट्टी किती कापली तेही दिसू द्या.

पहाट
‘सामाजिक मुद्दे म्हणजे लक्ष भरकटवणं’ असं म्हणायला नावावर वावर लागते. माझा बाप २२ वर्षं सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी होता. मालकाचं सोयाबीन ६ हजारानं गेलं त्या वर्षीही पाडव्याला साल तेवढंच ठरलं. लोकसभेला आमच्या वस्तीनं संविधानासाठी मत दिलं. ते भरकटणं होतं? आमच्या मसणवट्याचा रस्ता ज्याच्या धुऱ्यातून जातो, तो दर पावसाळ्यात नांगरून टाकतो. यात हमीभाव कुठं बसवू?

पुसदचा, मुक्काम पुणे
तुमचं वेगळं आहे. मी धर्माच्या नावानं भीती घालण्याबद्दल बोललो.

पहाट
आमचं नेहमीच वेगळं असते.

आर्णीची सून
लाडक्या बहिणीच्या दीड हजाराचं कोणीच बोलेना. मतदानापर्यंत पाच हप्ते, म्हणजे ७,५०० माझ्या खात्यात आले. दिवसभर कापूस वेचला तर किलोमागं १० रुपये, कंबर मोडते. चुकारा नवऱ्याच्या खात्यात जातो. मी पैसा पाहून मत दिलं, तर तुम्ही म्हणता बाया विकल्या गेल्या. तुम्ही भाव पाहून दिलं की ते अर्थकारण! निवडणुकीत कबूल केलेल्या २,१०० चं काय झालं ते मीही विचारतेच आहे, पण तुमच्या तोंडून नको.

दोन एकर
सोयाबीन ठेवा बाजूले. बैलाचं कोणी बोलत नाई. पयले म्हातारी जोडी इकली का नव्या जोडीचे अर्धे पैसे निघत. २०१५ पासून बैलबी गोहत्याबंदीच्या कायद्यात आला, तवापासून गिऱ्हाईकच नाई. दोनदा बजारात नेली. एकदा रस्त्यात पोरायनं गाडी अडवली, चार घंटे उभं ठेवलं. आता एक बैल मेला. दुसऱ्याले उठवाले दोन माणसं लागतात. खाते मात्र तेवढंच.

गोसेवक
पोळ्याला पुरणपोळी चारायची आणि म्हातारपणी खाटकाला द्यायचा? लाज वाटू द्या.

दोन एकर
तुमच्या गोठ्यात किती हायेत?

गोसेवक
माझ्याकडं ट्रॅक्टर आहे. त्याचा इथं संबंध नाही.

दोन एकर
हाये संबंध. भावना तुमची अन् चारा-कुटार माह्यं. सप्टेंबर २०२४ मधी, निवडणुकीच्या तोंडावर, गोशाळेले देशी गायीमागं दिवसाचे ५० रुपये जाहीर झाले. माह्या दावणीच्या बैलाले पाच तरी भेटतात काय?

गोसेवक
आईबाप म्हातारे झाले की विकता का? हा संस्कृतीचा प्रश्न आहे. पैशात मोजणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

अडतवाला
बोलायचं नाही म्हणून तिसरी कमेंट.

मास्तर, रिटायर
भाषा सांभाळा सगळे. १९७६ चा कायदा गायीपुरता होता, बैल २०१५ ला आला, एवढं खरं आहे. पण बैल कमी झाले ते ट्रॅक्टरमुळंही. आमच्या गावात ७० जोड्या होत्या, या पोळ्याला तोरणाखाली ११ उभ्या होत्या.

दोन एकर
सर, म्हणूनच तर म्हातारा बैल घेते कोण?

पुसदचा, मुक्काम पुणे
हेच तर मी कालपासून सांगतोय! मुद्दा भावनेचा, फटका खिशाला.

वावरातला
तू ‘भोगा’ म्हणत होता. हा माणूस अकरा वर्षं भोगून राहिला आणि त्याला सगळं समजते. समजत नाही म्हणून तो भावनेवर मत देतो, हे तुझं म्हणणं होतं.

पुसदचा, मुक्काम पुणे
बरं. ‘भोगा’ हा शब्द मागं घेतो. शुल्काचा परिच्छेद तसाच ठेवतो, त्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाही. अन् बाबांनी धागा वाचला. म्हणतात, शेजाऱ्याचं लिहायला नको होतं, फवारणीचा पंप त्याच्याकडूनच आणावा लागतो.

गोसेवक
दोन एकर, वाद बाजूला. जवळच्या गोशाळेचा नंबर देतो, बैल तिथं सोडा.

दोन एकर
गेल्या महिन्यात लावला होता फोन. गाय असन तर आणा म्हणे, बैलाले जागा नाई.