बेळगावचा किल्ला पायी: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: रविवारी खानापूरहून भाचीला घेऊन बेळगावला येतोय. ती अकरावीत आहे, इतिहासाची भारी आवड. किल्ला सोडून इकडेतिकडे जायचं नाही, चालतच बघायचंय. आधी काय बघावं?

उत्तर १: बसस्टँडवर उतरा, किल्ला जवळच. दारातल्या दुर्गा आणि गणपतीला नमस्कार करून सरळ कमल बस्ती गाठा, बस्ती म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, त्यानं १२०४ साली बांधलेली. रट्टांची राजधानी सौंदत्तीहून इथं आली, तो हा काळ. गाभाऱ्यात नेमिनाथ. आत गेलात की आधी मान वर करा! छतातून दगडी कमळ खाली लोंबतंय, पाकळ्यांत तीर्थंकर कोरलेत. मग काळ्या खांबांकडे या. इतके गुळगुळीत की तोंड दिसावं. मी अजून तिथं गेलो की गप्प बसून राहतो. भाचीला घाई करू देऊ नका.

उत्तर २: चिक्की बस्तीही बघा, अगदी शेजारी आहे. पडझड झालीय, पण दर्शनी भागावरचं कोरीव काम सुंदर.

उत्तर १: बरोबर. तिथून सफा मशीद, विजापूरचा सरदार असद खान लारीची. १४७२ मध्ये बहमनी सुलतानांचा वजीर महमूद गवाननं किल्ला घेतला, त्यानंतरची. मशिदीत जुन्या बांधकामातले खांब आहेत, दोनांवर शिलालेखही. आत जायचं तर आधी विचारा. किल्ल्यात लष्कराची वस्ती आहे, तिकडे फोटो नको.

प्रश्नकर्ता: आभारी आहे दादा, सकाळचीच बस धरतो.