भाव ठरवताना येणारे इंग्रजी वाक्प्रचार: आधी कोणते शिकावेत?

टॉवेलवाला_सोलापूर: टेरी टॉवेलची निर्यात आहे. अमेरिका आणि ब्रिटनच्या खरेदीदारांच्या बोलण्यात ‘बॉलपार्क फिगर’, ‘शार्पन युवर पेन्सिल’, ‘लेट्स टेबल इट’ सारखं येतं. त्यावर उत्तर काय द्यायचं? यादी पाठ करू का?

दरपत्रक: यादी नको. भावाशी संबंधित आठ-दहा घ्या आणि प्रत्येकामागची मागणी ओळखा. ‘शार्पन युवर पेन्सिल’ म्हणजे सरळ ‘भाव उतरवा’. लगेच उतरवू नका, ‘ॲट व्हॉट क्वांटिटी?’ विचारा. ५,००० नगांऐवजी २०,००० घेणार असेल तर पैसे सोडण्यात अर्थ आहे.

‘बॉलपार्क’ हा बेसबॉलमधून आलेला, अंदाजे आकडा. एकच आकडा न देता ३.८० ते ४.२० डॉलर असं सांगा आणि त्याच दिवशी मेलमध्ये ‘इंडिकेटिव्ह, नॉट अ कोट’ (अंदाजे, पक्का भाव नव्हे) लिहा. नाहीतर सूत महागलं तरी समोरचा ३.८० धरून बसतो.

सगळ्यात फसवा ‘स्प्लिट द डिफरन्स’. तुमचे ४.२०, त्याचे ३.६०, मध्य ३.९०, ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्याने सुरुवातच ३.२० ने केली तर मध्य ३.७० वर येतो. असा मुद्दाम पाडून मागितलेला भाव म्हणजे ‘लोबॉल’. त्यावरून मध्य काढायचाच नाही. आधी त्याला नवा आकडा द्यायला लावा.

लंडनकर: ‘टेबल’ जपून. ब्रिटनमध्ये मुद्दा ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी याच शब्दावरून वाद घालत बसले होते, चर्चिलनेच लिहून ठेवलंय. ‘डिस्कस नाऊ ऑर लेटर?’ विचारून मोकळे व्हा.

आणि ‘सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट’ला वाक्प्रचार समजू नका. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ, करारावर सह्या होईपर्यंत कोणी बांधील नाही. तेवढ्या भरवशावर सूत उचलू नका.

मोजकंच_बोला: समजायला सगळे हवेत, वापरायला फार थोडे. ‘यू आर मूव्हिंग द गोलपोस्ट्स’ (ठरलेल्या अटी मध्येच बदलताय) हा आरोप आहे. गिऱ्हाइकाला ऐकवण्यापेक्षा ‘जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं वजन, ग्रॅममध्ये) वॉज ४५०, नाऊ इट इज ५००’ म्हणा, फरकाचे पैसे मागणं सोपं जातं. जर्मन किंवा जपानी खरेदीदार असेल तर दोन्हीकडून साधं इंग्रजीच बरं. (आपलं ‘प्रीपोन’ही तिकडे अनेकांना कळत नाही.)

टॉवेलवाला_सोलापूर: ‘बेस्ट अँड फायनल’, म्हणजे शेवटचा भाव मागितला तर?

दरपत्रक: तुमच्या तळाच्या भावाखाली जाऊ नका. आकडा देताना मुदत घाला, ‘व्हॅलिड सेव्हन डेज’. पुन्हा घासाघीस झाली तर भाव उतरवण्याच्या बदल्यात ६० दिवसांची उधारी ३० वर आणायला सांगा. तेही नको म्हणाला तर पॅकिंग साधं करून बघा. छापील पट्टी आणि वेगळी पिशवी काढली की थोडे सेंट सुटतात.