व्हेंटिलेटर नको, हे लिहून कसं ठेवायचं?

प्रश्न (देवगड): वडीलधाऱ्यांच्या लिव्हिंग विलला (पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) नेमकं काय लागतं?

उत्तर (रत्नागिरी): सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. ‘उगाच हाल नकोत’ असलं मोघम वाक्य ऐनवेळी अडवतं. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न असं एकेक लिहा. निर्णय घेणाऱ्यांची नावं घाला. मुंबईकर मुलांना आत्ताच वाचायला द्या, भांडण तिथेच पेटतं.

उत्तर (चिपळूण): इंजेक्शन देऊन मरण आणणं गुन्हाच आहे. उपचार थांबवायलाही तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. लहान रुग्णालयात तेवढे तज्ज्ञ नसतात, म्हणून आधीच विचारा.

उत्तर (कुडाळ): आणि मॉर्फिन चालू ठेवा, असंही लिहा. वेदनाशमन थांबवणं मला अक्षम्य वाटतं.