यजमान, आयोजक आणि 'स्पर्धा भरवणे'

प्रश्न : आंतरराष्ट्रीय बहुक्रीडा स्पर्धांच्या बातम्यांत 'यजमान' आणि 'आयोजक' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजलेले दिसतात. त्यांत फरक मानावा का? आणि 'यजमानपद भूषवणे' हा प्रयोग कितपत योग्य आहे?

उत्तर : फरक मानलाच पाहिजे, असे माझे मत आहे. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करवून घेणारा. संकल्प त्याच्या नावाने सुटतो, खर्च आणि दक्षिणा त्याच्याकडे असते, प्रत्यक्ष विधी मात्र ऋत्विज पार पाडतात. ऑलिम्पिकची घडणही बरीचशी अशीच आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती शहराची निवड करते, त्या शहराशी करार होतो आणि पुढचे सगळे काम पाहण्यासाठी स्वतंत्र आयोजन समिती नेमली जाते. म्हणूनच २०२४ मध्ये सर्फिंगच्या लढती सुमारे १५,००० किलोमीटर दूर ताहिती बेटावर झाल्या, तरी यजमान पॅरिसच राहिले. १९५६ चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. परदेशी घोड्यांसाठी ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम अतिशय कडक असल्यामुळे अश्वारोहणाच्या स्पर्धा जूनमध्ये स्टॉकहोमला झाल्या आणि उरलेले ऑलिम्पिक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मेलबर्नला पार पडले. स्टॉकहोमची आयोजन समिती वेगळी होती, उद्घाटन सोहळाही वेगळा झाला. त्यामुळे तेथे मी दोन्ही शहरांना यजमान म्हणेन.

'भूषवणे' अध्यक्षपदाला शोभते. माँट्रियलने १९७६ च्या ऑलिम्पिकसाठी काढलेले कर्ज फिटायला २००६ उजाडले. अशा शहराने यजमानपद 'भूषवले' म्हणण्यापेक्षा 'पेलले' म्हणणे अधिक खरे ठरेल. १९७६ च्याच हिवाळी ऑलिम्पिकचे यजमानपद डेन्व्हरने मतदारांचा कौल विरोधात गेल्यावर सोडले आणि ते इन्सब्रुकने स्वीकारले. यजमानपद मिळते, पेलले जाते, सोडताही येते. ही क्रियापदे आपल्याकडे तयारच आहेत.

पुरवणी : वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण 'भरवणे' हे क्रियापद राहून गेले. जत्रा, प्रदर्शन, संमेलन आपण भरवतो, तशीच स्पर्धाही भरवतो, आणि या क्रियापदाचा कर्ता यजमान असो वा आयोजक, वाक्य अडत नाही. '२००८ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याने राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा भरवल्या' हे वाक्य 'पुणे येथे स्पर्धांचे आयोजन करण्यात आले' यापेक्षा किती सरळ आहे! १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे क्रीडासंकुल तेव्हा पुन्हा उपयोगी पडले. त्या संकुलाला मात्र यजमान म्हणू नये, ते स्पर्धास्थळ.