वर्षारंभीची यादी आणि प्रत्यक्षातले वाचन

पानखूण :

गेली सहा वर्षे मी वर्षाच्या सुरुवातीला वाचायच्या पुस्तकांची यादी करतो. महिन्याला दोन या हिशेबाने तीत चोवीस नावे असतात. यादी मी घाईने करत नाही. वर्षभरात एखादे चांगले परीक्षण वाचनात आले किंवा कोणी आवर्जून एखादे पुस्तक सुचवले, तर ते नाव टिपून ठेवतो आणि मग त्यातून निवड करतो. वहीच्या डाव्या पानावर ही यादी असते आणि समोरच्या उजव्या पानावर वर्षभरात खरोखर वाचून झालेल्या पुस्तकांची नोंद असते. गेल्या आठवड्यात ही वही पहिल्या पानापासून चाळली, तेव्हा दिसले की डावीकडची जेमतेम सात-आठ नावे दर वर्षी उजवीकडे पोहोचतात. एका वर्षी तर पाचच पोहोचली. उजवे पान रिकामे मात्र कधीच नसते. तिथे दर वर्षी तीस-पस्तीस पुस्तके आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांची नावे वर्षारंभी माझ्या ध्यानीमनीही नव्हती.

हे कसे घडते ते एका उदाहरणाने सांगतो. गेल्या वर्षी यादीत पहिले नाव जुन्या समुद्रप्रवासांच्या इतिहासाचे होते. त्यात स्कर्व्ही या रोगावर एक प्रकरण होते. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या वैद्याने बारा आजारी खलाशांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला आणि संत्री-लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारलेली पाहिली. एवढे होऊनही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास देण्याचा निर्णय घेतला तो १७९५ साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षे कशात गेली, हा प्रश्न मला काही केल्या सोडेना. म्हणून औषधांच्या चाचण्यांचा इतिहास आणला. त्यात संख्याशास्त्राचे संदर्भ आले, तेव्हा संभाव्यतेवरचे एक सोपे पुस्तक घेतले आणि ते पुरेसे वाटेना म्हणून त्याच विषयावरचे आणखी दोन ग्रंथ वाचले. असे करता करता वर्षाचे चार महिने सरले आणि यादीतली बाकीची तेवीस पुस्तके जिथल्या तिथे राहिली.

त्या चार महिन्यांत मला जो आनंद मिळाला तो खरा होता. तरीही वही पाहिल्यावर रुखरुख लागते. यादीतली एक मोठी कादंबरी सलग पाच वर्षे पुढच्या यादीत ढकलली जात आहे. तिच्या एकशे बाराव्या पानाशी घातलेली कागदाची पट्टी अजून तिथेच आहे. माझा प्रश्न असा की, यादी करणे सोडून द्यावे, की स्वतःला शिस्त लावून ती तडीस न्यावी? आणि यादीबाहेरच्या या वाचनाला भरकटणे म्हणावे का?

दुसरी ओळ :

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. भरकटणे हा शब्द मला मान्य नाही. समुद्रप्रवासातून रोगाकडे, रोगातून चाचणीकडे आणि चाचणीतून संभाव्यतेकडे जाताना प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकाने उभ्या केलेल्या प्रश्नासाठी उचललेले आहे. डाव्या पानावरच्या चोवीस नावांमध्ये असे एकमेकांत गुंतलेले काही नसते. ती शेजारी शेजारी लिहिलेली असतात, एवढाच त्यांचा संबंध. वाचकाच्या मनात नेमका कोणता प्रश्न केव्हा जागा होईल हे वर्षारंभी ठाऊक नसते, आणि म्हणूनच त्या प्रश्नाला लागणारे पुस्तक यादीत असू शकत नाही.

चार्ल्स डार्विन यांनी १८३८ ते १८६० या काळात वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या आणि त्यांत वाचायच्या व वाचलेल्या पुस्तकांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत, अगदी तुमच्या डाव्या-उजव्या पानांसारख्या. इतका पद्धतशीर वाचक. पण लोकसंख्येवरचा अर्थशास्त्रज्ञ माल्थस यांचा निबंध आपण १८३८च्या ऑक्टोबरात केवळ विरंगुळा म्हणून वाचायला घेतला होता, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. जगण्याच्या झगड्यात अनुकूल बदल टिकतात आणि प्रतिकूल बदल नाहीसे होतात, हा विचार त्यांना त्या वाचनातून सुचला. अर्थात, सजीवांच्या जातींमध्ये होणाऱ्या बदलाविषयीची त्यांची पद्धतशीर टिपणे त्याआधी पंधरा महिने चालू होती, म्हणून तो निबंध वाचताना त्यांना त्यात काय आहे ते दिसले. आपली तयारी कोणत्या दिशेने चालली आहे हे पुष्कळदा आपल्याला उशिरा कळते, आणि विरंगुळ्याचे म्हणून उचललेले पुस्तक ते दाखवून देते.

माझ्यापुरते सांगायचे तर मी यादी ठेवते, पण प्रत्येक नावापुढे ते का लिहिले याचे एक वाक्य लिहिते. सहा महिन्यांनी पाहते तेव्हा निम्म्या वाक्यांतली उत्सुकता विझलेली असते. ती नावे मी सरळ खोडते आणि त्याचे मला वाईट वाटत नाही, कारण ज्या दिवशी ते नाव लिहिले त्या दिवशीची ती ओढ होती. एका नावापुढे फक्त ‘सगळे वाचत आहेत’ एवढेच लिहिलेले सापडले, तेव्हा ते पुस्तक तीन वर्षे का उघडले गेले नाही हे निराळे शोधावे लागले नाही.

संथ वाचक :

वरचे म्हणणे मनापासून पटते, तरीही मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण तिची किंमत मी मोजली आहे.

साधारण दहा वर्षे मी कसलीही यादी न करता, एका पुस्तकाने दुसरे दाखवावे या पद्धतीने वाचत आलो. वाचन भरपूर झाले. पण दहा वर्षांनी मागे वळून पाहिले तेव्हा ध्यानात आले की मी एकाच प्रदेशात फिरत होतो. इतिहासाच्या पुस्तकाच्या तळटीपा इतिहासाच्याच पुस्तकांकडे नेतात, किंवा फार तर अर्थशास्त्राकडे. कोणत्याही तळटीपेने मला कवितेकडे नेले नाही. एका कवितासंग्रहाने मला दुसऱ्या कवितासंग्रहाकडे नक्की नेले असते, पण त्यासाठी पहिला हातात यावा लागतो आणि तो आपोआप आला नाही. दहा वर्षांनी एक संग्रह मुद्दाम उघडला, तेव्हा दोन ओळींच्या मधे थांबण्याची सवयच गेली असल्याचे जाणवले. मी कवितेतून माहिती शोधत होतो आणि ती न सापडल्याने पाने उलटत होतो. तो संग्रह मी तासाभरात संपवला, आणि त्यातली एकही ओळ माझ्यापाशी उरली नाही.

डार्विन यांचे उदाहरण दिले गेले आहे म्हणून त्याच आत्मचरित्रातला पुढचा भाग सांगतो. वयाच्या तिशीपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ आपल्याला कवितेतून मोठा आनंद मिळत असे, पण आता कित्येक वर्षे कवितेची एक ओळही वाचवत नाही, असे त्यांनी उतारवयात लिहिले आहे. कादंबऱ्या त्यांना शेवटपर्यंत आवडत, मात्र कविता, चित्रे आणि संगीत यांची गोडी गेली याचे त्यांना दुःख होते. आयुष्य पुन्हा जगायला मिळाले तर आठवड्यातून निदान एकदा थोडी कविता वाचायची आणि थोडे संगीत ऐकायचे असा नियम आपण करू, असे ते म्हणतात. त्यांनी इच्छेवर विसंबून न राहता नियमाचा विचार केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जी गोडी मेली आहे ती आपल्याला पुस्तकाकडे कशी ओढणार? तिथे कोणीतरी आधी लिहून ठेवलेले नावच उपयोगी पडते.

म्हणून यादी टाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या चोवीस नावांपैकी कोणती नावे ओघात कधीच येणार नाहीत, ते पाहा. तेवढ्यांपुरते नेटाने वाचा आणि बाकीच्यांचा आग्रह सोडा.

सायंकाळ :

चोवीस नावांपैकी तुमची स्वतःची किती आहेत, हेही तपासावे असे मला वाटते. सर जॉन लबक या इंग्रज विद्वानांनी १८८६ साली शंभर पुस्तकांची यादी मांडली आणि तीवर वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी तर तीतली कितीतरी नावे खोडून टाकली. अशा याद्या आजही निघतात आणि त्यांतली नावे आपल्या वहीत नकळत उतरतात. दुसऱ्याच्या यादीतले पुस्तक वाचायला हरकत नाही, पण ते न वाचल्याचा अपराध मात्र आपण स्वतःचा म्हणून का वाहावा?

कपाटापलीकडे :

मी ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे या प्रश्नाकडे वर्गांकांतून, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार दिलेल्या क्रमांकांतून, पाहण्याची मला सवय आहे. तुमची ती चार महिन्यांची वाट ड्युई दशांश वर्गीकरण या असे क्रमांक देण्याच्या पद्धतीत मांडून पाहिली. प्रवासवर्णने आणि भूगोल ९१०मध्ये येतात, रोग आणि त्यांवरचे उपचार ६१६मध्ये, आणि संभाव्यता व संख्याशास्त्र ५१९मध्ये. ही पुस्तके आमच्याकडे तीन वेगवेगळ्या दालनांत असतील. कपाटापुढे उभे राहून डावी-उजवीकडची पुस्तके चाळणाऱ्याला ही वाट सापडणार नाही. ती तुमच्या प्रश्नामुळे तयार झाली. हे भरकटणे नव्हे, या मताला माझ्याकडून एवढा आधार देता येईल.

पण संथ वाचकांची शंकाही याच पद्धतीने तपासता येते. साहित्याचा वर्ग ८०० हा आहे. तुमची वाट ९००मधून ६००मध्ये आणि तिथून ५००मध्ये गेली, ८००मध्ये तिने पाऊल टाकले नाही. हे त्या चार महिन्यांपुरतेच होते की नेहमीचे आहे, ते वहीवरून कळू शकेल. उजव्या पानावरच्या प्रत्येक पुस्तकापुढे त्याच्या वर्गांकातला फक्त पहिला अंक लिहा आणि जी पुस्तके यादीतून आली त्यांच्यापुढे एक खूण करा. एखाद्या संध्याकाळचे काम आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हा त्यांतला दुसरा आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा तिसरा. आम्ही नवी आलेली पुस्तके दारापाशी मांडतो ती या तिसऱ्या सिद्धांतासाठी. ज्याचा शोध कोणी घेत नव्हते असे पुस्तक कोणाच्या तरी नजरेस पडावे म्हणून. तुमचे उजवे पान दुसऱ्या सिद्धांताने चालते. डाव्या पानाचे काम कदाचित तिसऱ्याचे असेल.

पानखूण :

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे वही घेऊन बसलो. एका संध्याकाळी झाले नाही, दोन लागल्या.

सहा वर्षांत एकूण १९३ पुस्तके वाचली आहेत आणि त्यांतली ४३ यादीतली आहेत. एवढ्यावरून यादी निरुपयोगी ठरली असती. पण पहिला अंक लिहिल्यावर चित्र पालटले. साहित्याच्या वर्गातली पुस्तके फक्त १९ निघाली, आणि त्यांपैकी १७ यादीतून आलेली आहेत. म्हणजे एका पुस्तकाने दुसरे दाखवत नेले अशा ओघात सहा वर्षांत मी साहित्याची दोनच पुस्तके वाचली, आणि तीही एकाच लेखकाची. उलट विज्ञान, वैद्यक आणि इतिहास यांची यादीतली जी नावे राहून गेली होती, त्यांच्याच विषयांवर मी यादीबाहेरची दुप्पट-तिप्पट पुस्तके वाचलेली आहेत; तिथे यादीने माझ्यासाठी काहीच केले नाही आणि तिची गरजही नव्हती. कवितेचे संग्रह दर वर्षी डाव्या पानावर आहेत. उजव्या पानावर सहा वर्षांत मिळून एक आहे.

हे पाहून मी या वर्षीच्या यादीतली अठरा नावे खोडली. ज्या विषयांत प्रश्न आपोआप उठतात, तिथे आता आधी काही ठरवणार नाही. उरलेली सहा नावे कविता, नाटक आणि कादंबरी यांची आहेत आणि प्रत्येकापुढे, वर सुचवल्याप्रमाणे, ते का वाचायचे याचे एक वाक्य लिहिले आहे. दोन नावांपुढे वाक्य सुचेना, म्हणून ती बदलली. ती मोठी कादंबरी मात्र ठेवली आहे. तिच्यापुढे वाक्य लिहिताना पहिल्या शंभर पानांतले काहीच आठवत नव्हते. एक म्हातारा सबंध दुपारभर कुलपाची किल्ली शोधत राहतो, तेवढा एक प्रसंग मात्र स्पष्ट आठवला. तो पुन्हा वाचावासा वाटतो, असेच लिहिले. एकशे बाराव्या पानाची पट्टी काढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. किल्लीचा प्रसंग अजून आलेला नाही.

ग्रंथपाल महोदयांना एक शंका विचारायची आहे. वैज्ञानिकांची चरित्रे मी नवव्या वर्गात धरली आणि साहित्यिकांची आठव्या वर्गात. हे बरोबर आहे का?

कपाटापलीकडे :

चरित्रे ९२०मध्ये एकत्र ठेवण्याची पद्धत आहे आणि ज्या त्या विषयाबरोबर ठेवण्याचीही आहे. ग्रंथालयागणिक ते बदलते. तुम्ही एकाच मोजणीत दोन्ही पद्धती वापरल्या आहेत, तेवढे दुरुस्त करा. तुमच्या हेतूसाठी विषयाबरोबर ठेवणे अधिक सोयीचे, म्हणजे वैज्ञानिकाचे चरित्र पाचव्या वर्गात धरावे. मात्र साहित्यिकांची चरित्रे ८००मध्ये मोजली असतील तर त्या एकोणिसांत ती किती आहेत ते पाहा, कारण कवीचे चरित्र वाचणे म्हणजे कविता वाचणे नव्हे.

पानखूण :

चार आहेत. म्हणजे पंधराच उरली.