शाळानिहाय निकाल जाहीर करावेत की नाही?

फळाखडू
वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत आणि नंतरच्या संकलित चाचण्यांचे गुण शिक्षक ऑनलाइन भरतात. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-पोर्टलवर २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद आहे, त्यात सामाजिक प्रवर्ग, मातृभाषा, दिव्यांगत्व, दारिद्र्यरेषा सगळं आलं. एवढं भरून घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती काय पडतं? जिल्ह्याची सरासरी. जिल्ह्याचं गणित ठीकठाक दिसतं आणि पाड्यावरची मुलं त्यात कुठे बुडाली ते कळत नाही. दोन्ही नोंदी जोडा आणि निकाल शाळानिहाय, प्रवर्गनिहाय जाहीर करा.

शेष_उरला
जाहीर केले की दुसऱ्या दिवशी क्रमवारी लागणार, आणि ती खोटी असणार. समजा, शंभर गुणांच्या चाचणीत मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून गुण साधारण किती दूर पसरतात ते, २० आहे. मग १२ मुलांच्या शाळेची सरासरी निव्वळ योगायोगाने सहाएक गुण वर-खाली होते. १२० मुलांच्या शाळेत हाच हेलकावा दोनच्या आत राहतो. म्हणजे यादीच्या डोक्यावरही लहान शाळा आणि तळालाही लहान शाळाच. यंदाची पहिली पुढच्या वर्षी शेवटून तिसरी, शिक्षक मात्र तेच.

हे नुसतं आकडेशास्त्र नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी शिक्षण विभागाने समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र आणण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे दाखले दिले होते. आज कारण पटाचं आहे, उद्या त्याला ‘निकालही कमी’ची जोड मिळेल.

फळाखडू
त्यावर उपाय आहेत. तीन वर्षांची एकत्रित सरासरी घ्या. गट दहाच्या खाली असेल तर आकडा छापू नका, तो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पातळीवर दाखवा.

शेष_उरला
दहाच्या खाली छापायचं नाही म्हटलं की आधी कोण गळणार? कातकरी, कोलाम अशा आदिवासी जमातींची मुलं, दिव्यांग मुलं. ज्यांच्यासाठी खटाटोप, तीच यादीबाहेर. शिवाय एक चौकट झाकून भागत नाही. २२ मुलांच्या शाळेची एकूण सरासरी छापली आणि १५ जणांच्या गटाचीही छापली, की उरलेल्या सात जणांची कोणीही वजाबाकीने काढेल. गावात ती सात मुलं कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

फडावरचा_पट
तुम्ही दोघंही अंशावर भांडताय, गोम छेदात आहे. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीची कुटुंबं निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. वर्गाचा पट २४, त्यातली सहा मुलं फडावर. चाचणीला बसलेल्या अठरा जणांची सरासरी ६० पैकी ३०. ती सहा मुलं बसली असती आणि त्यांना १५-१५ गुण पडले असते, तर सरासरी २६.२५ झाली असती. म्हणजे सर्वात अडचणीतली मुलं गेली की शाळेचा निकाल सुधारतो! हंगामी वसतिगृह चांगलं चालवून मुलं गावातच ठेवणारी शाळा मात्र मागे दिसते.

म्हणून सरासरीला लागून तीन आकडे सक्तीचे करा: पटावर किती, चाचणीला किती बसली, आणि पायाभूत व वर्षअखेरची संकलित २ या दोन्ही दिलेली किती. प्रगती फक्त तिसऱ्या गटाचीच मोजता येते. हा गट पटाच्या निम्म्याहून कमी असेल तर प्रगतीचा आकडा छापूच नये.

तोंडीपरीक्षा
आणि गुण कोणी दिले? ज्या शिक्षकाने शिकवलं, त्यानेच तपासले, त्यानेच भरले. एकेका गुणावर किती मुलं आहेत ते मांडून बघा. उत्तीर्णतेच्या रेषेच्या जरा खाली खड्डा आणि रेषेवर उंच मनोरा दिसला, तर गुण ढकललेत असं समजा. प्रत्येक केंद्रातल्या काही वर्गांत दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने मोजक्या मुलांचं तोंडी वाचन घेतलं, तरी ताळा लागतो.

ताळ्यासाठी ‘असर’ या स्वयंसेवी संस्थेच्या वाचन-गणित सर्वेक्षणाचे आकडे मात्र कृपया आणू नका. ते ग्रामीण भागात घरोघरी होतं: जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. त्यात खाजगी शाळेतलं मूलही येतं आणि शाळा सोडलेलंही. ४ डिसेंबर २०२४ चं केंद्र सरकारचं ‘परख’ सर्वेक्षण शाळेत झालं, तिसरी, सहावी, नववीचं. दोन्हींतून शाळानिहाय काहीच निघत नाही, पण वादात दोन्ही सर्रास ठोकून दिले जातात.

हातचा_एक
एकूण गुणांतून वर्गशिक्षकाला काय कळणार? ४५ – १८ चं उत्तर ३३ आलं, तर मूल दोन्ही स्थानांवर मोठ्यातून लहान अंक वजा करतंय. हातच्याची वजाबाकी पुन्हा काड्यांच्या गठ्ठ्यांवर घ्यायची. हीच आकडेमोड २७ येते, पण ‘४५ आंब्यांतले १८ विकले, किती उरले’ इथे अडतं, तर आधी भाषा तपासा. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाचा हा गुण गणितात कापला जातो. मातृभाषेचा रकाना घाईत सरसकट ‘मराठी’ भरला असेल, तर विश्लेषणात हे कधीच दिसणार नाही. आधी तो रकाना दुरुस्त करा, मग जाहीर करायचं बघू.

शेष_उरला
हे मान्य. शाळेचं पान शाळा व्यवस्थापन समितीला द्या, प्रश्ननिहाय द्या. जिल्ह्याची यादी चव्हाट्यावर नको.

फळाखडू
यादी साहेबांच्या लॅपटॉपवर असणारच आहे, तुम्ही नको म्हणा नाहीतर हवी म्हणा. शाळा बंद करायचा प्रस्ताव त्यावरूनच तयार होईल. मग त्याला हरकत घेणाऱ्या पालकाकडेच तेवढी ती का नसावी?